सदूच्या स्वभावाचे चार इंग्रजी शब्द

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी तो कप खाली ठेवा. मागे हे ऐकताना आमच्या मेव्हण्यांना ठसका लागला, शर्टावर चहा सांडला आणि बोलणी मला खावी लागली. तशी बोलणी खायची मला सवय आहे हो. पण या एका प्रकरणात मी जी माती खाल्ली ना, ती आठवली की आजसुद्धा एकटा बसलेलो असताना तोंडातून आपोआप "अरे देवा!" निघतं. बायको आतून विचारते, "काय झालं?" मी म्हणतो, "काही नाही, सदू आठवला." पुढे ती काही विचारत नाही. तिला ठाऊक आहे.

एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी बंगलोरला एका सरकारी कारखान्यात स्टोअर सेक्शनला होतो. स्टोअर म्हणजे नट, बोल्ट, वायसर, खिळे! भिंतभर खण, प्रत्येक खणावर चिठ्ठी, आणि एका खणात एकाच मापाचा माल. कुठलाही उचला, सारखाच. हे नीट लक्षात ठेवा, कारण माझं डोकंही त्याच पद्धतीनं चालायला लागलं होतं.

जयनगर तेव्हा नुकतं वसत होतं. निम्मे प्लॉट रिकामे, त्यांत गाई चरायच्या. तिथं राधाक्काच्या घरात पुढच्या खोलीत मी आणि सदू लिमये असे दोघं राहायचो. राधाक्काचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. ती बोलायची मराठीच, पण ऐकणाऱ्याला निम्मं कळायचं. "स्वल्प थांब रे, सांबार उतू जातंय की!" असं. सदू कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला. उंच, सावळा, कमी बोलणारा, चांगला म्हणजे इतका चांगला, की त्याच्यासोबत राहताना कधीकधी माझी मलाच लाज वाटायची.

त्यातून मी तिथल्या मराठी मंडळाचा चिटणीस. आता चिटणीसाचं काम काय? गणपतीची वर्गणी, वाचनालयाच्या कपाटाची किल्ली आणि स्थळांची चौकशी! हो, चौकशी. तेव्हा रीतच होती. मुलगा बंगलोरला नोकरीला, मुलगी साताऱ्याला. एवढ्या लांब येऊन मुलाची माहिती कोण काढणार? मग मुलीचे वडील सरळ पत्ता घालायचे, "चिटणीस, मराठी मंडळ, बंगलोर." मुलगा कसा आहे, पितो का, चिडतो का, खरं काय ते कळवा. आणि एकच अट, मुलाला कळता कामा नये.

अशी दहा-बारा पत्रं मी लिहिली होती. ठरलेली वाक्यं. मुलगा निर्व्यसनी, होतकरू, मनमिळाऊ. सगळ्यांची लग्नं सुखरूप पार पडली. मला वाटायला लागलं होतं, की बंगलोरच्या मराठी मुलांची लग्नं देवानंतर मीच जमवतो.

आणि मग सदूचं निघालं.

सांगलीची मुलगी, कुसुम वैशंपायन. सदू रजा काढून बघून आला आणि पार बदललाच. मी विचारलं, "काय बोललात?"

"तिनं विचारलं, बंगलोरला ज्वारीचं पीठ मिळतं का?"

"मग?"

"मी म्हटलं, हो."

"आणि?"

"एवढंच."

या एका 'हो'वर माणूस दीड महिना जगला! तो 'हो' नीट म्हटला गेला का, फार मोठ्यानं तर नाही ना म्हटला, हे मला रोज विचारायचा. पुढच्या गल्लीत दोन खोल्यांचं एक घर रिकामं होतं, तिकडून मुद्दाम चक्कर मारून यायचा. एकदा तर पिशवीभर ज्वारीचं पीठ आणून ठेवलं. राधाक्का म्हणाली, "हे कोण खाणार रे?" सदू लाजून लालबुंद.

पत्रिका जुळली होती. मुलगी पसंत, मुलगाही पसंत. राहिली फक्त चौकशी.

वैशंपायनांचं पत्र आलं ते इंग्रजीत! ते निवृत्त शाळा-तपासनीस. पस्तीस वर्षं मास्तरांच्या चुका काढण्यात गेलेली. पत्राला चक्क प्रश्नांना आकडे घातलेले. एक, प्रकृती. दोन, सवयी. तीन, मित्रमंडळी. चार, स्वभाव, सविस्तर.

आता मला सांगा, इंग्रजी पत्राला मराठीत उत्तर द्यायचं? मंडळाची काय इज्जत राहील? शिवाय माझ्याकडे अव्हेन्यू रोडवर जुन्या पुस्तकांत मिळालेलं समानार्थी इंग्रजी शब्दांचं एक जाडजूड पुस्तक होतं. एका मथळ्याखाली वीस-वीस शब्द. मी ते पाहिलं आणि मला आमचं स्टोअरच आठवलं. एक खण, एकच माप! कुठलाही उचला. मग फडतूस कशाला उचलायचा? मी प्रत्येक खणातला सगळ्यात वजनदार शब्द उचलला.

सदू शांत. त्या खणात 'पीसफुल' होता, 'क्वाएट' होता. हे तर पोरंसोरंही लिहितात. मी लिहिलं, 'फ्लेग्मॅटिक'.

सदू निश्चयी. तिथं 'पर्टिनेशियस' सापडला. वा!

सदू चारचौघांत रमणारा. 'कन्व्हिव्हियल'.

आणि सदू हळवा. एखादी ओळ ऐकली की डोळे भरून यायचे त्याचे. तिथं होता 'मॉडलिन'. काय नाजूक शब्द! मला तर तो अत्तराच्या बाटलीवरचा वाटला.

जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या टाइपरायटरवर पत्र टाइप केलं, चारही शब्द ठळक दिसावेत म्हणून दोनदा ठोकले आणि पोस्टात टाकून आलो. सदू वाटेत भेटला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "काय रे?" "काही नाही. लेका, तुझं काम झालं समज."

आठ दिवसांत उत्तर आलं. दोनच ओळी. "आपल्या शब्दयोजनेनं थक्क झालो. चारही विशेषणांना कृपया प्रत्येकी एक उदाहरण द्यावं."

बघा! तपासनीस थक्क! मी हवेत. त्या दिवशी सुपरवायझरलासुद्धा मी इंग्रजीत उत्तर दिलं.

उदाहरणं काय, सदूच्या बाबतीत ढीगभर होती. आणि सगळी खरी, बरं का. शपथेवर सांगतो, त्यांत खोटं एक अक्षर नव्हतं. तीच तर माझी शोकांतिका.

फ्लेग्मॅटिकला लिहिलं, की एकदा घरात स्टो भडकला, घरमालकीण ओरडत होती, पण लिमयांनी आधी हातातला घास संपवला, हात धुतले आणि मग वाळूची बादली आणली.

पर्टिनेशियसला लिहिलं, की साहेबांनी रजा नाकारली तर ते त्याच दिवशी अकरा वेळा साहेबांच्या खोलीत गेले, शेवटी साहेबांनी कंटाळून सही केली. ही रजा वैशंपायनांच्याच मुलीला बघायला जायची होती, ते काही मी लिहिलं नाही. म्हटलं, कशाला उगाच संकोचात टाका.

आणि शेवटच्या दोन शब्दांना मिळून एकच उदाहरण दिलं. काय लिहिलं माहितीये? "दर शनिवारी संध्याकाळी ते मित्रांच्या बैठकीत रमतात. बैठक रंगली की त्यांच्या डोळ्यांतून धारा लागतात. गेल्या शनिवारी तर दोघांनी धरून घरी आणावं लागलं."

अहो, ती मंडळातली नाट्यगीतांची बैठक! तीन तास मांडी घालून बसल्यावर सदूच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, म्हणून धरून आणला. पण 'गाण्याची' हा शब्द लिहायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. आम्हा मंडळातल्या लोकांना दुसरी कुठली बैठक माहीतच नव्हती ना!

त्यानंतर पंधरा दिवस काही नाही. मग सदूच्या नावानं कार्ड आलं. "पत्रिका जुळत नसल्यामुळे योग नाही. क्षमस्व."

सदूनं कार्ड दोनदा वाचलं, उशीखाली ठेवलं. "अरे, पत्रिका तर आधीच जुळली होती," एवढंच म्हणाला. आता कार्डावरच्या त्या वाक्याचा अर्थ आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. त्यालाही कळला. म्हणजे मुलगा नको.

मी त्या म्हाताऱ्याला काय शिव्या घातल्या सांगू! "माज आहे माज! सांगलीचे ना!" असं बरंच काही. सदू म्हणाला, "जाऊ दे रे. माझ्यातच काहीतरी असेल. तो 'हो' मी बहुतेक घाईनं म्हटला." मला त्याची इतकी दया आली, की मी त्याला समजावत बसलो. मी! समजावत होतो!

तो जेवेना. राधाक्का ताट घेऊन मागं मागं. "अय्यो, काय झालं रे ह्याला? स्वल्प भातसुद्धा नको म्हणतो."

आणि आठवड्यानं मला वैशंपायनांचा लिफाफा आला. यावेळी मराठीत. "आपल्या निर्भीड माहितीमुळे माझी मुलगी एका मोठ्या संकटातून वाचली. बंगलोरात कॅन्टोन्मेंट आहे आणि तिथं काय चालतं, हे आम्ही ऐकून आहोतच. मित्राचे दुर्गुणही न लपवणारा तरुण आजकाल विरळा. आपण अविवाहित आहात, असं कळतं. हरकत नसल्यास आपली पत्रिका पाठवावी."

आता लाज सोडून सांगतो. अर्धं मिनिट मला बरं वाटलं! अर्धं मिनिट मी आरशात भांग बघितला. मग एकदम डोक्यात वीज पडावी तसं झालं. निर्भीड? दुर्गुण? कसले दुर्गुण?

तसाच सायकल काढून मंडळात गेलो. वाचनालयाच्या कपाटात खालच्या फळीवर एक मोठा शब्दकोश होता, त्यात नुसते शब्द नव्हते, समजावून सांगितलेलं होतं. उभ्यानंच चारही शब्द काढून वाचले. मटकन खाली बसलो.

फ्लेग्मॅटिक म्हणजे थंड, मख्ख. पर्टिनेशियस म्हणजे चिवट, पण त्रास देईपर्यंत. हेकट. कन्व्हिव्हियल म्हणजे खाण्यापिण्याच्या मैफलीतला, आणि त्यातही पिण्याच्या. आणि माझा तो अत्तराच्या बाटलीवरचा मॉडलिन? चढल्यावर गळे काढून रडणारा!

म्हणजे मी काय लिहून दिलं होतं? की मुलगा मख्ख आहे, हेकट आहे, दर शनिवारी पितो, पिऊन रडतो आणि त्याला दोघांनी धरून आणावं लागतं. वर उदाहरणांसकट. वर मंडळाच्या शिक्क्यासकट!

अहो, मराठीत मला कुणी विचारलं असतं, की शांत आणि मख्ख सारखंच का रे, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. हळव्याला रडका म्हटलेलं मी कधी ऐकून घेतलं नसतं. स्वतःच्या भाषेत मला प्रत्येक शब्दाची चव कळत होती. इंग्रजीत मी नुसतं वजन करत बसलो.

घरी आलो. सदू कामावर. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून राधाक्काला सगळं सांगितलं. तिनं हातातली पळी खाली ठेवली.

"अय्यो वसंता! इंग्लिशात कशाला लिहिलास? मुलगी काय इंग्लिश आहे?"

"चुकलं अक्का."

"मग सांग की सदूला."

"सांगवत नाही. तोंड दाखवायला जागा नाही मला."

"सरी, बरं तर. मग त्या मुलीच्या अप्पाला तोंड दाखव. पत्र नको लिहू! तुझा हात खोटा आहे. तोंडानं सांगून ये."

सदूला थाप मारली, मिरजेला मावशी आजारी आहे, बघून येतो. निघायच्या दिवशी पाहतो तर माझा पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेला. स्टेशनवर पोहोचवायला आला. दही-भाताचा डबा हातात दिला आणि गाडी हलताना म्हणाला, "वश्या, उतरल्यावर आधी दाढी कर रे." मला वाटलं, बिचारा दुःखात काहीही बोलतोय.

सांगलीला वैशंपायनांच्या ओसरीवर जाऊन उभा राहिलो, नाव सांगितलं. किडकिडीत गृहस्थ, डोक्यावर काळी टोपी, कानावर लाल पेन्सिल. मला वाटतं, ती पेन्सिल घेऊनच ते जन्माला आले असावेत. "या या भिडे! पत्रिका घेऊनच आलात?"

"नाही. मी... ती जी पत्रं मी लिहिली..."

आणि घडाघडा सगळं ओकलो. शब्दांचं पुस्तक, स्टोअरचे खण, नाट्यगीतं, पायाच्या मुंग्या. ते ऐकत राहिले. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. मग आत गेले आणि माझी दोन्ही पत्रं घेऊन आले. लाल रेघांनी पानं भरलेली.

"बसा," म्हणाले. "फ्लेग्मॅटिक. तुम्हाला काय म्हणायचं होतं?"

"शांत."

"शून्य. पुढचा."

"पर्टिनेशियस... निश्चयी."

"शून्य."

चारही शब्द झाले. दाराच्या पडद्यामागं बांगड्या वाजल्या. कुणीतरी तिथं उभं राहून ऐकत होतं.

"तुम्ही आता खरं बोलताय, हे मी कशावरून मानू?" तपासनीस म्हणाले. "मित्राच्या दडपणाखाली आला असाल."

"त्याला काही माहीत नाही हो! मी इथं आलोय, हेसुद्धा त्याला माहीत नाही."

"नाही कसं? तुमची चौकशी मी त्यांच्याकडेच केली होती. तुम्ही दोघं एका खोलीत राहता, हे तुमच्याच पत्रात होतं. दुसरं कुणाला विचारणार?" आणि त्यांनी खिशातून एक कार्ड काढून माझ्या हातात दिलं.

सदूचं अक्षर. ड्रॉइंग ऑफिसचं, रेघेत बसवलेलं. मराठीत.

"वसंत भिडे हा माझ्या खोलीतला सोबती. इतका भला माणूस मी पाहिला नाही. बडबड्या आहे, पण मनात काही ठेवत नाही. त्याच्या हातून कुणाचं वाईट होणार नाही. आपली मुलगी सुखात राहील. तिला ज्वारीची भाकरी आवडते, असं वाटतं. इथं पीठ चांगलं मिळतं."

म्हणजे त्याला ठाऊक होतं! मी मुलगी बघायला चाललोय, असं समजून त्यानं शर्टाला इस्त्री केली होती. दाढी कर म्हणाला होता. ज्या मुलीसाठी तो जेवत नव्हता, तिच्याकडे मला गाडीत बसवून, डबा देऊन पाठवलं होतं! आणि मी त्याला काय म्हटलं होतं? मख्ख.

मला रडू फुटलं. अगदी हुंदके देऊन. परक्याच्या ओसरीवर, इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीला नाक पुसत.

"पुसा डोळे," वैशंपायन म्हणाले. "आता दिसतंय ना, ते मॉडलिनच्या जवळपास आहे."

पडद्यामागून खुदकन हसू आलं.

मग त्यांनी सदूचं कार्ड माझ्याकडून परत घेतलं, पुन्हा एकदा वाचलं. "पस्तीस वर्षं मी निबंध तपासले," म्हणाले, "यात दुरुस्तीला जागा नाही." आणि कानावरची पेन्सिल हातात घेतली.

"भिडे, शेवटचा प्रश्न. अशा मित्राबद्दल असं लिहून देणाऱ्या माणसाच्या स्वभावाला काय म्हणावं? एकच शब्द. इंग्रजी नको. मराठीत सांगा."

विचार करायला वेळ लागलाच नाही. "गाढव," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याच पत्राच्या तळाशी काहीतरी खरडलं आणि आत वळून म्हणाले, "कुसुम, लिमयांना तार करायची आहे, फॉर्म आण. आणि ह्यांना पोहे दे."

ते तार लिहायला लागले तसं मी हळूच मान वाकडी करून त्या पत्राकडे पाहिलं. फ्लेग्मॅटिक, पर्टिनेशियस, कन्व्हिव्हियल, मॉडलिन, चारही शब्दांपुढे चार लाल शून्यं. खाली 'गाढव'. त्याच्यापुढे दहापैकी दहा, आणि बाजूला शेरा, "अर्थाची छटा अचूक."